जबड्याचा सांधा आणि त्याचे बिल

कानाच्या किंचित पुढे, दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवून तोंड सावकाश उघडावे आणि मिटावे. बोटाखाली हाडाचे एक टोक प्रथम जागच्या जागी फिरते आणि मग पुढे घसरते, असे जाणवेल. तोंड मिटताच ते परत आपल्या खोबणीत जाऊन बसते. हा जबड्याचा सांधा. घास चावताना, बोलताना, जांभई देताना तो राबत असतो, आणि दुखू लागेपर्यंत तो आहे याची आठवणसुद्धा बहुतेकांना नसते.

शरीरातील इतर सांध्यांहून याची तऱ्हा निराळी. एक गुडघा धरला तर दुसऱ्याच्या आधाराने माणूस लंगडत का होईना चालतो. खालचा जबडा मात्र एकच सलग हाड आहे आणि ते दोन टोकांना दोन सांध्यांत अडकवलेले आहे; दाराच्या दोन बिजागऱ्यांप्रमाणे एक हलली की दुसरीलाही हलावेच लागते. हाडाचे टोक आणि कानशिलाच्या हाडातील खोबण यांच्यामध्ये एक चिवट चकती असते. ती जागची सरकली की तोंड उघडताना खटका वाजतो. ती अडकून बसली की तोंडच पुरते उघडत नाही. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावावीत, असा एक जुना ढोबळ ठोकताळा आहे.

या सांध्याचे क्ष-किरण चित्र घेणे हेही सरळ काम नव्हे. रोंटगेनने १८९५ साली व्युर्ट्सबुर्ग येथे या किरणांचा शोध लावला आणि पुढे थोड्याच काळात हातापायांची मोडलेली हाडे स्वच्छ दिसू लागली. परंतु जबड्याच्या सांध्याच्या आड कवटीचे जाड हाड येते आणि पलीकडच्या सांध्याची सावली अलीकडच्यावर पडते. म्हणून किरण विरुद्ध बाजूने, डोक्याच्या वरच्या अंगाकडून तिरपे सोडण्याची एक पद्धत पडली. शिवाय एक चित्र तोंड मिटलेले आणि एक उघडलेले, अशी जोडी घेतात. कारण या सांध्याचा दोष पुष्कळदा त्याच्या ठेवणीत नसून हालचालीत असतो. एवढे करूनही दिसते ते फक्त हाड. चकती साध्या क्ष-किरणांना दिसत नाही.

परंतु चित्र कसे घ्यावे हा येथील विषय नाही. चित्र घेऊन झाल्यावर त्याचे पैसे कोणी आणि कशाच्या आधारावर द्यायचे, हा आहे. पणजी, बेळगाव किंवा इंदूर येथे हा प्रश्न बहुधा चटकन सुटतो. दंतवैद्य चिठ्ठी लिहून देतो, रोगी चित्र काढणाऱ्या केंद्रात जातो, खिशातून पैसे मोजतो आणि पावती घेऊन घरी येतो. पैसे असतील तर, एवढी पुस्ती अर्थात जोडलीच पाहिजे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत गरीब कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात खरे. पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे, आणि जबडा दुखतो म्हणून कोणी सहसा दाखल होत नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हेच दोन फिल्मचे काम आकड्यांच्या भाषेत लिहावे लागते. तेथे पैसे देणारा बहुतेक वेळा विमा असतो, विमा कंपनीचे यंत्र दावा वाचते, आणि यंत्राला वेदना समजत नाही. त्याला संकेतांक समजतो. प्रत्येक दाव्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: काय केले, आणि कशासाठी केले. पहिल्याचे उत्तर एका पुस्तकात, दुसऱ्याचे दुसऱ्याच.

दुसरे पुस्तक वयाने थोरले. पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ जाक बेर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची एक यादी तयार केली आणि १८९३ साली शिकागो येथे आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेने ती स्वीकारली. गुन्हेगारांच्या शरीराची मापे घेऊन त्यांना ओळखण्याची पद्धत काढणारे आल्फाँस बेर्तियाँ हे त्यांचे बंधू. माणसांना कप्प्यांत बसवण्याचे वेड त्या घराण्यातच असावे. १९४८ पासून ही यादी जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती आली आणि मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचीही झाली. म्हणजे जी यादी मुळात मेलेल्यांची मोजदाद करण्यासाठी होती, तिच्या आधारावर आज जिवंत माणसाचे बिल मंजूर किंवा नामंजूर होते. पहिले पुस्तक, म्हणजे वैद्यकीय कृतींचे, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली काढले. १९७० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्यातील क्रमांक पाच आकडी झाले, आणि १९८३ मध्ये वृद्धांच्या सरकारी विम्याने, म्हणजे मेडिकेअरने, ते स्वीकारले. हे क्रमांक त्या संस्थेच्या मालकीचे आहेत आणि ते वापरण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. पाच आकड्यांचीही मालकी असू शकते, हे ऐकून गणिताच्या शिक्षकांना मौज वाटेल.

आता जबड्याकडे वळावे. एका बाजूच्या सांध्याची, तोंड उघडे आणि मिटलेले अशी, क्ष-किरण तपासणी केली तर क्रमांक ७०३२८. दोन्ही बाजूंची केली तर ७०३३०. पहिल्या दृष्टीस हे सोपे वाटते. पण चुका नेमक्या येथेच होतात. नवखा लेखनिक दोन फिल्म पाहतो आणि ७०३२८ दोनदा लिहितो. ते चूक, उघड्या आणि मिटलेल्या तोंडाची जोडी त्या एका क्रमांकातच धरलेली आहे. दुसरा कोणी दोन्ही सांध्यांसाठी ७०३२८ दोनदा लिहितो, एकदा उजवा म्हणून आणि एकदा डावा म्हणून. तेही चूक, दोन्हींसाठी ७०३३० हा स्वतंत्र क्रमांक असताना दोन सुटे क्रमांक लिहिणे म्हणजे डझनाच्या भावाने घेतलेली अंडी सुटी विकण्यासारखे आहे.

चकती पाहायची असेल तर चुंबकीय चित्रण, म्हणजे एमआरआय, करावे लागते. त्याचा क्रमांक ७०३३६. त्याच्या इंग्रजी वर्णनात सांधा या शब्दापुढे कंसात अनेकवचनाचे एक अक्षर छापलेले आहे. त्या एका अक्षराचा अर्थ असा की सांधा एक पाहा किंवा दोन पाहा, क्रमांक एकदाच लिहायचा आणि पैसे एकदाच मागायचे. व्याकरणाच्या एका प्रत्ययावर एवढी रक्कम अवलंबून असल्याची उदाहरणे फार नसतील. सीटी स्कॅनची कथा याच्या उलट; तेथे जबड्याच्या सांध्याला स्वतंत्र घर नाही, चेहऱ्याच्या हाडांच्या क्रमांकात त्याला पाहुण्यासारखे राहावे लागते.

याखेरीज एक वाटणी आहे. चित्र घेणारे यंत्र, फिल्म, खोली आणि तंत्रज्ञ हा खर्चाचा एक भाग. ते चित्र वाचून लेखी अहवाल देणारा तज्ज्ञ हा दुसरा. यंत्र रुग्णालयाचे आणि वाचणारा डॉक्टर बाहेरचा असेल, तर डॉक्टर आपल्या क्रमांकाला २६ हा उपांक जोडतो आणि फक्त वाचनाचे पैसे मागतो. स्वतःच्या दवाखान्यात स्वतःच्या यंत्रावर चित्र घेऊन जो स्वतः वाचतो, त्याला उपांकाची गरज नाही. मात्र अहवाल लेखी असलाच पाहिजे. फिल्म दिव्यासमोर धरून “ठीक दिसते” असे म्हणणे हे वैद्यकशास्त्रात वाचन असेल. हिशेबात ते वाचन धरले जात नाही. आणि हा दंडक योग्यच म्हटला पाहिजे, कारण वर्षभराने तोच रोगी दुसऱ्या डॉक्टरकडे गेला तर त्या डॉक्टरला तोंडी उद्गार उपयोगी पडत नाहीत.

आता खरी अडचण. जबड्याचा सांधा कोणाचा? डॉक्टरचा की दंतवैद्याचा?

हा प्रश्न विनोदी वाटतो, पण अमेरिकेत त्यावर रोग्याचा खिसा अवलंबून असतो. कारण तेथे शरीराचा विमा वेगळा आणि दातांचा वेगळा. मेडिकेअरचा कायदा १९६५ साली झाला तेव्हाच दात आणि दातांना प्रत्यक्ष आधार देणारे भाग यांचे उपचार त्यातून वगळले गेले. दातांचे खाजगी विमेही तोकडे. बहुतेकांत वर्षाला मिळणाऱ्या रकमेवर मर्यादा असते. गुडघ्याचा किंवा खांद्याचा सांधा दुखला तर तो निःसंशय शरीराचा. जबड्याचा सांधा दातांच्या शेजारी राहतो, दंतवैद्य त्याला तपासतो, आणि म्हणून शरीराचा विमा म्हणतो, हे दाताचे काम. दाताचा विमा म्हणतो, हे तर हाडाचे काम. दोन भावांच्या वाटणीत सामाईक विहिरीची जी दशा होते तीच येथे सांध्याची होते. पाणी दोघांनाही हवे, पण गाळ कोणी काढायचा?

वर्गीकरण करणाऱ्यांनाही हा पेच सुटलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या यादीत जबड्याच्या सांध्याचे विकार के ०७.६ या क्रमांकाखाली, म्हणजे पचनसंस्थेच्या प्रकरणात आहेत. तोंड हे पचनाचे दार, म्हणून दाराची बिजागरीही पचनसंस्थेत! अमेरिकेतही ३० सप्टेंबर २०१५ पर्यंत जी जुनी यादी चालू होती तिच्यात हेच होते. १ ऑक्टोबर २०१५ पासून तेथे दहाव्या यादीची अमेरिकन आवृत्ती लागू झाली आणि तिच्यात हा सांधा एम २६ या गटात, हाडे आणि स्नायू यांच्या प्रकरणात गेला. किडलेला दात मात्र के विभागातच राहिला. अशा रीतीने कागदावर तरी सांध्याने दातांची सोबत सोडली. विमा कंपन्यांच्या नियमांत तो तितक्या सहजपणे सुटला नाही. मिनेसोटासारख्या काही राज्यांनी कायदा करून शरीराच्या विम्याला या सांध्याचा खर्च सोसायला लावले आहे. इतर ठिकाणी करारपत्रातील बारीक अक्षरे वाचावी लागतात.

दंतवैद्यांची संकेतसूची तर स्वतंत्रच. तिच्यातील क्रमांक डी या अक्षराने सुरू होतात. संपूर्ण जबड्याचे एकसलग चित्र, ज्याला आपल्याकडील दवाखान्यांत ओपीजी म्हणतात, ते डी ०३३०. डॉक्टरांच्या पुस्तकात तेच ७०३५५. सांध्यात किरणांना अडवणारे द्रव टोचून घेतलेले चित्र दंतवैद्याच्या सूचीत डी ०३२०, आणि सुई टोचण्याचे काम त्यातच धरलेले. डॉक्टरांच्या पुस्तकात चित्राचा क्रमांक ७०३३२ आणि टोचण्याचा २१११६ असा निराळा. सुई तीच, सांधा तोच, दुखणारा माणूसही तोच. पण एका सूचीत जे एक काम आहे ते दुसरीत दोन होते. या दोन्ही सूचींचा ज्याला सारखा परिचय आहे असा लेखनिक विरळा, आणि ज्या दवाखान्याला तो लाभतो तेथील रोगी सुखी.

याचा माणसाच्या संसाराशी काय संबंध, हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. समजा, ओहायओ राज्यात शिवणकाम करून पोट भरणारी एक बाई आहे. तिच्या उजव्या कानापुढे ठणका लागतो, भाकरीचा तुकडाही चावता येत नाही. दंतवैद्य तिला तपासतो आणि उजव्या सांध्याची दोन चित्रे घेतो. त्याचे टिपण घाईत लिहिलेले असते: “जबडा दुखतो, चित्र घेतले.” लेखनिक त्यावरून आर ६८.८४ हा क्रमांक टाकतो. त्याचा अर्थ नुसते जबड्याचे दुखणे, कारण अज्ञात. कृतीचा क्रमांक ७०३२८ बरोबर असतो, पण बाजूचा उपांक चुकून डावीचा पडतो. दावा परत येतो. विमा कंपनीचा कागद सांगतो की ही तपासणी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे दिसत नाही. बिल त्या बाईच्या पत्त्यावर जाते. ती घाबरते, तिला वाटते, डॉक्टरने आपल्याला फसवले. डॉक्टरला वाटते, विमा कंपनीने फसवले. कंपनीच्या यंत्राला काहीच वाटत नाही. आणि पुढच्या महिन्यात चकती पाहण्यासाठी एमआरआय सांगितला तेव्हा ती बाई जातच नाही, कारण पहिलेच बिल अजून फिटलेले नसते. सांधा मात्र हिशेब मिटेपर्यंत थांबत नाही.

हाच दावा नीट कसा गेला असता? टिपणात उजव्या सांध्याच्या जागी दाबल्यावर दुखते, तोंड किती उघडते, दुखणे किती आठवड्यांचे आहे, हे लिहिले असते तर क्रमांक एम २६.६२१ पडला असता. म्हणजे उजव्या जबड्याच्या सांध्याची वेदना. शेवटचा १ उजवीचा, २ डावीचा, ३ दोन्हींचा. हे बाजू सांगणारे सहावे स्थान १ ऑक्टोबर २०१६ पासून आले. तोवर सांधा कोणता हे आजाराचा क्रमांक सांगतच नव्हता. दाव्याच्या १५०० क्रमांकाच्या फॉर्ममध्ये एकविसाव्या रकान्यात आजार लिहितात आणि चोविसाव्यात कृती. कोणत्या आजारासाठी कोणती कृती, हे अक्षराने जोडून दाखवावे लागते. उजव्या वेदनेला डावे चित्र जोडले गेले की यंत्र दावा परत टाकते, आणि येथे यंत्राला दोष देता येत नाही.

नाकारलेला दावा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हे मात्र पुष्कळ रोग्यांना ठाऊक नसते. २०१० च्या आरोग्यविषयक कायद्याने बहुतेक खाजगी विमेदारांना कंपनीकडे फेरविचार मागण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी १८० दिवसांची मुदत असते. तेथेही नकार मिळाला आणि वाद वैद्यकीय निर्णयाचा असला, तर कंपनीबाहेरच्या स्वतंत्र परीक्षकाकडे जाता येते. अशा अर्जाबरोबर दंतवैद्याचे टिपण, चित्राचा लेखी अहवाल आणि दुरुस्त क्रमांक जोडले तर तो अर्ज नुसत्या संतापाच्या पत्रापेक्षा कितीतरी अधिक वजनाचा होतो.

चूक एका दिशेनेच होते असे नाही. उजवा सांधा दुखत असताना डाव्याचेही चित्र “तुलनेसाठी” घेऊन ७०३३० लावण्याचा मोह दवाखान्याला होऊ शकतो. कधी कधी तुलना खरोखरच हवी असते. दोन्ही सांधे एकाच हाडाला बांधलेले असल्याने तसे कारण देता येते. पण मग ते कारण टिपणात चित्र घेण्यापूर्वी असले पाहिजे. बिल करताना सुचलेले कारण हे कारण नव्हे. सरकारी विम्याकडून खोट्या दाव्याने पैसे घेणाऱ्याला तेथे जो कायदा लागतो तो १८६३ सालचा, यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल पुरवणाऱ्या ठेकेदारांविरुद्ध केलेला. नुकसानीच्या तिप्पट भरपाई आणि वर दर दाव्यामागे दंड, अशी त्याची आजची शिक्षा आहे. कुजक्या घोंगड्या आणि खोटी क्ष-किरण चित्रे एकाच कलमाखाली यावीत, यात विसंगत असे काही नाही.

हे सारे अमेरिकेत चालते. पण ज्या टेबलावर ते क्रमांक लिहिले जातात ते टेबल पुष्कळदा हैदराबादेत, चेन्नईत किंवा पुण्यात असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून भारताचे घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे. तेथे दवाखाना बंद होतो तेव्हा येथे पुढचा दिवस लागलेला असतो. जीवशास्त्र, औषधनिर्माण, भौतिकोपचार अशा विषयांचे पदवीधर या कामात शिरतात, परीक्षा देतात आणि न पाहिलेल्या माणसांच्या न पाहिलेल्या दुखण्यांना क्रमांक देतात. हैदराबादेतील मराठी घरांतूनही अशी मुलेमुली कामाला जात असतील, आणि मुलगा नेमके काय करतो हे शेजाऱ्यांना सांगताना आईबापांची पंचाईत होत असेल. तो डॉक्टर नव्हे, हिशेबनीस नव्हे, टंकलेखकही नव्हे. तिघांच्याही कामाचा थोडा अंश त्याच्या कामात आहे.

त्याला रोग्याचे नाव बाहेर सांगण्याची मुभा नाही. १९९६ च्या अमेरिकन कायद्याने ती गुप्तता बांधून दिली आहे. दर १ ऑक्टोबरला आजारांचे आणि दर १ जानेवारीला कृतींचे क्रमांक बदलतात, ते त्याला नव्याने शिकावे लागतात. २०२० च्या ऑक्टोबरात जबड्याच्या सांध्याच्या दाहाला स्वतंत्र क्रमांक मिळाला, तोही त्याने पाठ केला. पण त्याच्या कामातला सर्वांत कडक नियम क्रमांकांविषयी नाही. टिपणात जे लिहिलेले नाही ते त्याने मनाने भरायचे नाही, असा तो नियम आहे. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईची फाइल त्याच्यासमोर आली आणि चित्र उजव्या सांध्याचे असावे असे त्याला वाटले, तरी त्याला तसे लिहिता येत नाही. तो दंतवैद्याला एक प्रश्न लिहून पाठवतो, बाजू कोणती, आणि फाइल थांबवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी, ओहायओतील दवाखाना उघडल्यावर, टिपणाला जोडलेली, तारीख आणि सही असलेली एका ओळीची दुरुस्ती येते: उजवी. मग तो ७०३२८ च्या पुढे उजव्या बाजूचा उपांक लावतो, एम २६.६२१ हा क्रमांक टाकतो, दोन्ही अक्षराने जोडतो आणि पुढची फाइल उघडतो.